छोट्या कुत्र्याचा विमा आणि हार्टवर्मचा खर्च : पुण्यातील श्वानपालकांसाठी मार्गदर्शन

कुत्र्याचा विमा उतरवताना बहुतेक जण हप्ता किती आणि विम्याची रक्कम किती, एवढेच पाहतात. हार्टवर्मचा खर्च विम्यातून भरून निघावा अशी अपेक्षा असेल, तर त्याहून अधिक लक्ष तारखांकडे द्यावे लागते. संसर्ग असलेला डास चावल्यापासून तपासणीत आजार दिसेपर्यंत साधारण सहा महिने जातात. पॉलिसीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे वेटिंग पिरियड, बहुधा काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा असतो, पॉलिसी बहुधा एक वर्षाची असते आणि उपचार होऊन कुत्रा पूर्ण बरा झाल्याची खात्री पटेपर्यंत वर्ष उलटते. या चार मुदती एकमेकींशी जुळत नाहीत. ‘हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचाच आहे’ असे म्हणण्याची संधी कंपनीला मिळते ती इथेच, आणि ती मिळू नये यासाठीची तयारी पॉलिसी घेण्याआधीच करावी लागते. पुढील मजकुरात हिशेबासाठी सहा किलो वजनाचा शिह त्झू धरला आहे. पग, पॉमेरियन किंवा डॅशहंड असल्यास वजन बदलून तोच हिशेब करता येईल.

आजार काय आहे आणि पुण्यात तो किती मनावर घ्यावा

हार्टवर्म म्हणजे डायरोफिलारिया इमिटिस नावाचा दोऱ्यासारखा कृमी. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. मध्ये डास लागतोच. डासाच्या शरीरात अळी वाढायला २७ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानात दहा ते चौदा दिवस लागतात आणि तापमान १४ अंशांखाली राहिले तर ही वाढ थांबते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतील पहाटे कितीही बोचऱ्या असल्या तरी दिवसाचे सरासरी तापमान त्याहून वरच राहते, त्यामुळे ‘थंडीत गोळी बंद केली तरी चालते’ हा थंड देशांतील हिशेब इथे लागू होत नाही. डासांची तर या शहरात ददात नाही. मुळा-मुठेतील जलपर्णी आणि सांडपाणी क्युलेक्स डासांना पोसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडी परिसरात नदीवर उठलेले डासांचे उंच लोट अनेकांनी चित्रफितींत पाहिले असतील. घरात कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस वाढतो, आणि हार्टवर्म पसरवण्याची क्षमता या दोन्ही प्रकारच्या डासांत आहे.

कुत्र्याच्या शरीरात शिरलेली अळी काही महिन्यांत फुप्फुसाच्या धमन्यांपर्यंत पोहोचते, तिथे प्रौढ होते आणि पाच ते सात वर्षे जगते. प्रौढ मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी भरते. चाळीस किलोच्या कुत्र्याच्या धमन्यांत असे पाच-सहा कृमी काही काळ निभावून जातात. सहा किलोच्या कुत्र्याच्या अरुंद धमन्यांत तेवढेच कृमी जिवावर बेतू शकतात. छोट्या जातींच्या बाबतीत हा आजार वेगळा विचारात घ्यायचा तो एवढ्याचसाठी.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. भारतात डायरोफिलारिया इमिटिसच्या नोंदी प्रामुख्याने ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या आहेत. दक्षिण आणि पश्चिम भारतात त्याचा भाऊबंद डायरोफिलारिया रिपेन्स अधिक आढळतो, तो त्वचेखाली राहतो आणि हृदयाला धक्का लावत नाही. पुण्यातील पशुवैद्यकांसमोर रोज येणारा आजार म्हणजे गोचीडताप, अर्थात एर्लिकिया आणि बबेसिया. तेव्हा पुण्यातच जन्मलेल्या, शहराबाहेर न गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हार्टवर्मची शक्यता कमी मानायला हरकत नाही. गुवाहाटीहून हिंजवडीत बदलीवर आलेल्या कुटुंबासोबतचा कुत्रा, किंवा पिल्लू नेमके कुठून आणले याची धड माहिती विक्रेत्याने दिली नाही असा कुत्रा असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

तपासणी कोणती आणि कधी

रक्ताच्या काचपट्टीवर हलणाऱ्या सूक्ष्म अळ्या दिसल्या की अहवालात ‘मायक्रोफायलेरिया आढळले’ असे लिहिले जाते आणि घरात रडारड सुरू होते. वर सांगितल्याप्रमाणे त्या अळ्या रिपेन्सच्याही असू शकतात. म्हणून काचपट्टीच्या अहवालावर न थांबता हार्टवर्म अँटिजेन तपासणी करून घ्यावी. ही तपासणी प्रौढ मादीने रक्तात सोडलेले प्रथिन ओळखते. याचा दुसरा अर्थ असा की संसर्ग ताजा असेल, कृमी अगदी थोडे असतील किंवा केवळ नर असतील, तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. छोट्या कुत्र्यात थोडे कृमीही त्रास देतात, त्यामुळे लक्षणे असताना एका निगेटिव्ह अहवालावर विसंबून राहू नये. क्ष-किरण आणि टूडी इको यांची जोड द्यावी.

अनेक खासगी दवाखान्यांत ‘फोर-डीएक्स’ या नावाने ओळखली जाणारी एकत्रित किट मिळते. रक्ताच्या काही थेंबांत हार्टवर्मचे अँटिजेन आणि त्याबरोबर एर्लिकिया, ॲनाप्लाझ्मा व लाइम या आजारांच्या प्रतिपिंडांची तपासणी त्यात काही मिनिटांत होते. पुण्यात गोचीडतापासाठी रक्त काढावे लागतेच, तेव्हा वर्षातून एकदा हीच किट वापरण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे ठरते, कारण हार्टवर्मसाठी वेगळा खर्च उरत नाही.

वेळापत्रक सोपे आहे. सात महिन्यांहून लहान पिल्लाला तपासणीशिवाय प्रतिबंधक औषध सुरू करता येते, कारण संसर्ग झालेला असला तरी तो तपासणीत दिसण्याइतका जुना सहसा नसतो. त्याहून मोठ्या कुत्र्याची आधी तपासणी करावी, मग औषध सुरू करावे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि त्यानंतर दरवर्षी एकदा. औषधाआधी तपासणी करण्यामागे वैद्यकीय कारण आहे : रक्तात अळ्यांची संख्या मोठी असताना काही प्रतिबंधक औषधे, विशेषतः मिल्बेमायसिन, दिल्यास त्या एकदम मरून कुत्रा धक्क्याने (शॉकने) कोसळू शकतो.

प्रतिबंधाचा खर्च आणि त्यातील फसगती

औषधांच्या दुकानात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. तीन निरनिराळ्या गोष्टींना लोक सरसकट ‘जंताची गोळी’ म्हणतात. प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल असलेली तिमाही गोळी आतड्यांतील जंतांवर चालते, हार्टवर्मवर नाही. केवळ अफॉक्सोलेनर, फ्लुरालेनर किंवा सारोलेनर असलेली महाग चघळगोळी गोचीड-पिसवांवर उत्तम चालते, पण हार्टवर्म रोखत नाही. हार्टवर्म रोखण्यासाठी आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन ऑक्झिम, मॉक्सिडेक्टिन किंवा सेलामेक्टिन यांपैकी एखादा घटक वेष्टनावर लिहिलेला असावा लागतो. काही गोळ्यांत गोचिडांचे औषध आणि मिल्बेमायसिन एकत्र असते. नाव जवळजवळ सारखेच असते, फक्त शेवटी एक शब्द जास्त असतो. खोक्यावरचे नाव पाहून न थांबता मागच्या बाजूची घटकांची ओळ वाचावी. वर्षभर चुकीची गोळी इमानेइतबारे दिल्याचे विम्याच्या दाव्याच्या वेळी कळले, तर उपयोग नाही.

ही औषधे मागील सुमारे महिनाभरात शिरलेल्या अळ्यांना मारतात. पुढच्या महिन्यासाठी कवच चढवतात असे नाही. म्हणून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला गोळी द्यायची, आणि चुकलीच तर पशुवैद्यकांना विचारून लगेच पुन्हा सुरू करून सहा महिन्यांनी तपासणी करायची. अधिक वाढलेल्या कृमीवर ती खात्रीने चालत नाहीत, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचा खाडा पडला की वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च जवळजवळ पाण्यात जातो.

किंमत वजनगटावर ठरते. एका प्रचलित एकत्रित गोळीचे गट २ ते ३.५ किलो, ३.५ ते ७.५ किलो आणि ७.५ ते १५ किलो असे आहेत. सहा किलोचा शिह त्झू मधल्या गटात येतो. नसबंदीनंतर सुटला आणि ७.८ किलोचा झाला की वरच्या गटात जातो आणि वर्षाच्या बारा गोळ्यांचा हिशेब बदलतो. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, नंतर एकट्याचे वजन वजा करावे. दर महिन्याला गोळीआधी एवढे केले तरी पुरते. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे तुकडे करण्याची युक्ती स्वस्त वाटते, पण चघळगोळीत औषध सगळीकडे समप्रमाणात असेलच याची हमी नसते.

माणसांच्या आयव्हरमेक्टिन गोळ्यांपासून तर लांबच राहावे. हार्टवर्म रोखण्यासाठीची मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असते, म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याला ३६ मायक्रोग्रॅम. करोनाकाळात घरोघरी साठवली गेलेली १२ मिलिग्रॅमची गोळी ही त्याच्या ३३० पटींहून अधिक आहे, आणि तिचे घरी सुरीने तुकडे करून ही मात्रा साधणे अशक्य आहे.

उपचाराचा खर्च कशाने वाढतो

अमेरिकन हार्टवर्म सोसायटीच्या उपचारपद्धतीत निदानाच्या दिवसापासून प्रतिबंधक औषध सुरू करतात, चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, साधारण साठाव्या दिवशी प्रौढ कृमी मारणाऱ्या मेलार्सोमिनचे पहिले इंजेक्शन कमरेच्या स्नायूंत खोलवर देतात आणि नव्वदाव्या व एक्याण्णवाव्या दिवशी दुसरे व तिसरे. शेवटच्या इंजेक्शनानंतर नऊ महिन्यांनी अँटिजेन तपासणी निगेटिव्ह आली की कुत्रा कृमिमुक्त झाला असे मानतात. या सर्व काळात, विशेषतः इंजेक्शनांनंतरचे सहा ते आठ आठवडे, कुत्र्याला धावणे, जिने चढणे, खेळणे पूर्ण बंद ठेवावे लागते, कारण मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात आणि श्रमाने तो धोका वाढतो. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या वाड्यावजा इमारतीत राहणाऱ्यांना सहा किलोचा कुत्रा उचलून नेता येतो, हा छोट्या जातीचा एक फायदा म्हणावा लागेल.

औषधांची मात्रा वजनावर असल्याने तिथेही थोडी बचत होते. डॉक्सिसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा : म्हणजे सहा किलोच्या कुत्र्याला रोज १२० मिलिग्रॅम आणि २८ दिवसांत ३,३६० मिलिग्रॅम. शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या भाषेत हे ३४ गोळ्यांच्या आसपास बसते. मेलार्सोमिन किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १५ मिलिग्रॅम आणि तीन वेळांचे मिळून ४५. पन्नास मिलिग्रॅमच्या एका कुपीतच हे बसते खरे, पण पहिल्या आणि दुसऱ्या इंजेक्शनात महिन्याचे अंतर असल्याने उघडलेली कुपी तेवढा काळ ठेवता येत नाही, आणि बिलात एकाहून अधिक कुप्या लागतात.

अडचण अशी की मेलार्सोमिन भारतात सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे इथे अनेकदा दर महिन्याचे मॉक्सिडेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन आणि त्यासोबत डॉक्सिसायक्लिन हाच मार्ग निवडावा लागतो. कृमी त्यात हळूहळू, कित्येक महिन्यांनी मरतात आणि तोवर फुप्फुसांची हानी चालू राहते. खर्चाच्या दृष्टीने पाहता हा मार्ग एकदम मोठे बिल देत नाही, पण तपासण्या, क्ष-किरण आणि फेऱ्या यांचे हप्ते दीर्घकाळ चालतात. वजनाने कमी न होणारा खर्च तो हाच : इको सहा किलोच्या कुत्र्याचा असो वा साठ किलोच्या, यंत्र आणि तज्ज्ञ तेच. कुत्रा एकाएकी निपचित पडला, हिरड्या पांढऱ्याफटक झाल्या आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर कृमींचा गुंता हृदयाच्या उजव्या भागात अडकल्याची शंका घ्यावी. त्यात मानेतील शिरेवाटे कृमी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती करणारी केंद्रे मोजकी आहेत. आपल्या पशुवैद्यकांना अशा वेळी कुत्रा कुठे पाठवाल हे आधीच विचारून ठेवावे. सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मोठ्या तपासण्यांसाठी तिथल्या रुग्णालयाची चौकशी करायला हरकत नाही.

पॉलिसी निवडताना

श्वानविम्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांच्या पारंपरिक श्वानविम्याची घडण पशुधनविम्यासारखी असून त्याचा मुख्य भर कुत्र्याच्या मृत्यूवर असतो. हार्टवर्मच्या उपचारखर्चासाठी तो घेणे म्हणजे पैसे चुकीच्या ठिकाणी घालणे. दुसरा प्रकार अलीकडचा : शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील उपचारांचे मूळ संरक्षण, आणि त्यावर बाह्यरुग्ण उपचार, मृत्यू, चोरी किंवा हरवणे, कुत्र्यामुळे तिऱ्हाइताला झालेल्या इजेची जबाबदारी अशी निवडून घ्यायची जोडसंरक्षणे. येरवड्यात मुख्यालय असलेल्या बजाजच्या सर्वसाधारण विमा कंपनीसह अनेक खासगी कंपन्या अशी पॉलिसी देतात. सोसायटीत कुत्र्यावरून धुसफुस असेल तर तिऱ्हाइताच्या जबाबदारीचे संरक्षण स्वस्तात मिळत असल्यास घ्यावे. शिह त्झू चावत नाही असे मानणाऱ्यांनी तो ग्रूमरकडे कसा वागतो ते पाहावे.

हार्टवर्मच्या दृष्टीने पॉलिसीच्या शब्दांत काही जागा बारकाईने वाचायच्या असतात. सर्वात महत्त्वाची जागा बाह्यरुग्ण उपचारांची. मेलार्सोमिन मिळाले तरी कुत्रा सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी येतो, आणि न मिळाल्यास संपूर्ण उपचार घरी गोळ्यांवर होतो. मूळ पॉलिसी केवळ ठरावीक तासांहून अधिक काळ दाखल झालेल्या कुत्र्याचा खर्च देणार असेल, तर हार्टवर्मच्या उपचारातील बहुतेक बिले तिच्या कक्षेबाहेर राहतील. ओपीडीचे जोडसंरक्षण असले तरी त्याला वेगळी, मूळ विमा रकमेपेक्षा बरीच लहान मर्यादा असते. एजंटाला ‘हार्टवर्म कव्हर आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ असेच येईल. त्याऐवजी ‘दाखल न होता घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनचे आणि दिवसभरात दिलेल्या इंजेक्शनाचे पैसे कोणत्या कलमाखाली, किती मर्यादेपर्यंत मिळतील’ असे ई-मेलवर विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

दुसरी जागा प्रतिबंध करता येण्याजोग्या आजारांची. लसीने टळणारे रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांसारखे आजार लस दिलेली नसल्यास वगळलेले असणे नेहमीचे आहे. हार्टवर्मला लस नाही, पण औषध आहे, त्यामुळे ‘प्रतिबंधक उपचार न घेतल्याने झालेला आजार’ अशी व्यापक शब्दरचना असेल तर ती हार्टवर्मलाही लागू करता येते. प्रतिबंधक गोळ्या, जंतनाशके, गोचिडांची औषधे आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च मात्र मूळ पॉलिसीत सहसा मिळत नाही, हे गृहीत धरूनच हिशेब करावा.

तिसरी जागा जन्मजात आणि आनुवंशिक दोषांची, आणि छोट्या जातींना ती फार बोचते. पगचे दबके नाक आणि त्यातून येणारा श्वसनाचा त्रास, पॉमेरियनच्या गुडघ्याची सरकणारी वाटी, श्वासनलिका चपटी होणे, हे सगळे या कलमात ढकलले जाऊ शकते. हार्टवर्मशी याचा संबंध खोकल्यातून येतो. वय झालेल्या छोट्या कुत्र्याचा खोकला हृदयातील मायट्रल झडप झिजल्याने येतो, श्वासनलिकेमुळे येतो, आणि हार्टवर्ममुळेही येतो. केसपेपरवर केवळ ‘हृदयविकार, जुना खोकला’ असे मोघम लिहिले गेले, तर दावा पाहणारा अधिकारी त्यातून आपल्याला हवा तो अर्थ काढेल. झडपेची झीज वयाने आलेली आहे, जन्मजात नाही, हे पशुवैद्यकांनी स्पष्ट शब्दांत लिहिणे आवश्यक असते. यात काही लपवायला सांगितलेले नाही. खोकला चार महिन्यांपासून असेल तर तसेच लिहिले जावे, आणि प्रस्तावअर्जातही तसेच सांगावे. खोटी माहिती उघडकीस आली की पॉलिसीच धोक्यात येते.

प्रवेशाचे वय, नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत, प्रत्येक दाव्यात पालकाने सोसायचा वाटा आणि जीएसटी धरून हप्ता किती, हे चारही कंपन्यांगणिक बदलते. ते एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावे.

आता प्रश्न राहतो तो विमा घ्यावा की नाही हा. केवळ हार्टवर्मसाठी घेऊ नये, असे स्पष्ट मत आहे. महिन्याचे बजेट तुटपुंजे असेल आणि गोळी व हप्ता यांपैकी एकच परवडत असेल, तर गोळी घ्यावी आणि उरलेल्या रकमेचे बँकेत आवर्ती ठेव खाते उघडावे. विमा उपयोगी पडतो तो अपघात, गुडघ्याची शस्त्रक्रिया, गर्भाशयातील पू, गोचीडतापात रक्त चढवावे लागणे अशा एकदम येणाऱ्या मोठ्या बिलांसाठी. हार्टवर्म त्यात सोबतीने झाकला जावा, एवढीच अपेक्षा रास्त आहे.

तारखा जुळवण्याची पद्धत

समजा, पॉलिसी १ जुलैपासून सुरू करायची आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अँटिजेन तपासणी करून घ्यावी. अहवालावर कुत्र्याचे नाव, जात, वय, मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक, तारीख आणि पशुवैद्यकांचा नोंदणी क्रमांक असावा. किटच्या निकालाचा मोबाइलवर काढलेला फोटो हा अहवाल नव्हे. तो लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्यावा. त्याच भेटीत चिप बसवून घ्यावी, लसींची वही पूर्ण करावी आणि रेबीजचे प्रमाणपत्र वेगळे मागून घ्यावे, कारण पुणे महानगरपालिकेच्या श्वान परवान्यासाठीही ते लागते.

मात्र जूनमधील निगेटिव्ह अहवाल पुरेसा पुरावा ठरत नाही. फेब्रुवारी ते जून या काळात शिरलेला संसर्ग त्या तपासणीत दिसणारच नाही, आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो जुलैपूर्वीचा होता असे म्हणणे कंपनीला वैद्यकीयदृष्ट्याही शक्य आहे. म्हणून पॉलिसी घेण्याआधी किमान सहा-सात महिने प्रतिबंधक औषध सलग सुरू असल्याची बिले हाताशी असावीत. ती नसतील तर औषध आजच सुरू करावे आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत दुसरी तपासणी करावी. ती निगेटिव्ह आली की पॉलिसीपूर्व संसर्गाची शक्यता जवळजवळ निकालात निघते आणि त्यानंतरच्या पॉझिटिव्ह अहवालाला ‘आधीचा आजार’ म्हणणे अवघड होते. दुकानदाराकडून घेतलेल्या गोळ्यांचे पक्के बिल कुत्र्याच्या नावाने आणि बॅच क्रमांकासह मागावे. मेडिकलवाला कुरकुर करेल, पण देईल.

आता उपचारांचे उदाहरण. १० एप्रिलला निदान झाले, तर पहिले इंजेक्शन ९ जूनला येते, दुसरे ९ जुलैला आणि तिसरे १० जुलैला. पॉलिसी ३० जूनला संपते. म्हणजे एकाच आजाराचा खर्च दोन पॉलिसी वर्षांत विभागला जातो. नूतनीकरण एक दिवसही उशिरा झाले, तर नवीन पॉलिसीत हार्टवर्म हा आधीचा आजार ठरून पुढील दोन इंजेक्शनांचे पैसे जाण्याचा धोका आहे. नूतनीकरण मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधी करावे आणि चालू असलेल्या आजाराचे पैसे पुढील वर्षी मिळत राहतील का, हे त्याआधी लेखी विचारावे. नवीन कंपनीकडे स्वस्त हप्ता दिसला म्हणून उपचार चालू असताना कंपनी बदलू नये.

पॉलिसी हातात आल्यावर कलमे अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, तर अडकून पडण्याचे कारण नाही. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक ग्राहकाला सर्वसाधारण विम्याची पॉलिसी मुदतीत केव्हाही रद्द करता येते, आणि वर्षभराच्या पॉलिसीत दावा केलेला नसेल तर उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो.

दावा आणि तक्रार

निदान झाल्याबरोबर, उपचार सुरू होण्याची वाट न पाहता, पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कंपनीला कळवावे आणि दावा क्रमांक लिहून घ्यावा. बिलांबाबत दवाखान्याशी आधीच बोलून ठेवावे. ‘उपचार शुल्क’ अशी एकच ओळ आणि तिच्यापुढे एक मोठा आकडा असलेले बिल सर्वाधिक अडते. तपासणी, क्ष-किरण, इको, इंजेक्शनाचे औषध, ते देण्याचे शुल्क, दिवसभराचे निरीक्षण आणि घरी द्यायची औषधे या प्रत्येकाची स्वतंत्र ओळ असावी आणि प्रत्येक औषधामागे त्याच तारखेची चिठ्ठी असावी. दाखल केले असल्यास डिस्चार्ज कार्डवर दाखल होण्याची आणि सोडण्याची वेळ घड्याळातील तासांसह लिहून घ्यावी. मेलार्सोमिन न मिळाल्याने दुसरा मार्ग स्वीकारला असेल तर तसे एक वाक्य पशुवैद्यकांच्या प्रमाणपत्रात असावे. अन्यथा ‘मान्य उपचारपद्धती नाही’ असा शेरा येऊ शकतो.

दावा नाकारला गेला तर कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांचे पुण्यातील कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरील जीवन दर्शन इमारतीत आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद ऐकले जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. अर्जासोबत पॉलिसीची पूर्ण प्रत, नकाराचे पत्र, दोन्ही निगेटिव्ह अहवाल, पॉझिटिव्ह अहवाल, गोळ्यांची बिले तारखेच्या क्रमाने आणि एजंटाशी झालेला ई-मेल जोडावा. वरती एक पानाचे टाचण ठेवावे, ज्यात डाव्या बाजूला तारीख आणि उजव्या बाजूला त्या दिवशी काय झाले व त्याचा कागद कोणत्या पानावर आहे, एवढेच लिहिलेले असेल.